भोंगा

"काही करा, पण भूपालच्या हातात माइक देऊ नका," असं त्या दुपारी मंडपामागे जाऊन मीच संयोजकांना सांगितलं होतं.

संयोजक म्हणजे तरुण मंडळाचा सेक्रेटरी शीतल चौगुले. तो तेव्हा सत्काराचे फेटे मोजत बसला होता. तो हसला. म्हणाला, "सर, लोक सामना बघायला कमी आणि भूपालआण्णा काय बोलतात ते ऐकायला जास्त आलेत. माइक नाही दिला तर मंडप उपटतील." मी पुन्हा बजावलं. बापूसाहेब व्यासपीठावर असणार आहेत, उगाच शोभा नको. बापूसाहेबांचं नाव काढल्यावर त्यानं हसणं आवरलं आणि बरं म्हणाला.

भूपाल मगदूम आणि मी अकरा वर्षं एका संघातून कबड्डी खेळलो. तो डाव्या कोपऱ्यात, मी त्याच्या शेजारी. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा एकदा त्याच्या पंजात गेला की सुटायचा नाही, म्हणून लोक त्याला घोरपड म्हणायचे. सांगलीपासून कराडपर्यंत कुठल्याही मैदानावर तो उतरला की "घोरपड आली रे" अशी आरोळी उठायची.

बचावात कोपरा आणि त्याचा शेजारी हातात हात धरून उभे असतात. आमच्या त्या हातांची एक भाषा होती. त्यानं माझा हात एकदा दाबला की थांबायचं, दोनदा दाबला की झेप घ्यायची. त्यात एक नियम आमचा आम्हीच केला होता. झेप चुकीची वाटली तरी दुसऱ्यानं मागे राहायचं नाही. एकटा गेला की तो बाद होतोच, आणि साखळी तुटते ती वेगळीच. अकरा वर्षांत मी कधी मागे राहिलो नाही, हे आता सांगून उपयोग नाही, पण सांगतो.

भूपालची दुसरी ख्याती तोंडाची. इचलकरंजीच्या एका अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला गडी त्याच्या दंडाला ओझरता शिवून गेला. पंचांनी पाहिलं नाही, लोकांनी पाहिलं नाही, शिवणाऱ्यालासुद्धा खात्री नव्हती. भूपालनं आपणहून हात वर केला आणि बाहेर जाऊन बसला. एका गुणानं आम्ही हरलो. गावात परतल्यावर आमच्याच लोकांनी त्याला शिव्या घातल्या, तर म्हणाला, "लागलं ते लागलं. मला ठावं हुतं न्हवं?" खेळ सुटल्यावरही त्याची तीच तऱ्हा. पंच झोपलेत, निवड समितीनं मेव्हणे-पाव्हणे भरलेत, मैदानाची माती चाळलेली नाही, जे दिसेल ते माइकवरून बोलायचा. लोक शिट्ट्या मारायचे. दुसऱ्याच्या अंगावर जाणारं तोंड लोकांना फार आवडतं.

त्या वर्षीची स्पर्धा कुरणवाडीला होती आणि तिचं नाव होतं बजरंग लोंढे स्मृती चषक. बजा कुरणवाडीचाच. एकोणीस वर्षांचा, असा चढाईपटू की पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये. तीन महिन्यांपूर्वी जिल्ह्याच्या कुमार गटाच्या निवड चाचणीत वजन करून काट्यावरून उतरला आणि तिथंच कोसळला. मिरजेला दवाखान्यात नेला. मूत्रपिंडं गेली म्हणाले. चौथ्या दिवशी गेला.

जिल्ह्याच्या त्या कुमार संघाचा प्रशिक्षक मी होतो. जिल्हा संघटनेचे अध्यक्ष बापूसाहेब नलवडे, आणि मी ज्या हायस्कुलात क्रीडाशिक्षक होतो ती संस्थाही बापूसाहेबांचीच. तीन वर्षं मी हंगामी होतो, जूनमध्ये कायम होणार होतो. संघटनेनं एक पत्र टाईप करून आणलं. खेळाडूला दोन दिवसांपासून ताप होता, त्यानं तो प्रशिक्षकांपासून लपवून ठेवला, असं त्यात होतं. मी सही केली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी भूपाल माझ्या घरी आला. चहा घेतला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "दौल्या, बजाला ताप न्हवता."

मी म्हणालो, कशावरून?

"त्याच्या आईला इचारलं. पोरगं चार दिस नुसतं पळत हुतं. अंगात प्लास्टिकची पोती घालून. तीन दिस पाण्याचा थेंब न्हाई. आन वर गोळ्या. लघवी व्हायच्या." तो माझ्याकडे बघत राहिला. "आज बापूसाहेब ताप ताप करणार. मेलेल्या पोरावर ढकलणार. मी बोलणार हाय. तू नुसतं एवढंच म्हण, त्याला ताप न्हवता. तू प्रशिक्षक हुतास, तुजं ऐकतील. बाकीचं मी बगतो."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको ऐकत होती. जूनची वाट माझ्यापेक्षा तीच जास्त बघत होती.

मी म्हणालो, "बघू."

आपल्याकडे बघू म्हणजे नाही. शेंबड्या पोराला हे कळतं, पण भूपालला जन्मात कळलं नाही. तो हो समजून उठला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेला. म्हणून मी दुपारी शीतलकडे गेलो होतो.

चारच्या सुमारास सत्कार सुरू झाला. आम्ही सात जुने खेळाडू फेटे बांधून, खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन ओळीनं बसलो. भूपाल मुद्दाम माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीवर आला. खेळातली जागा त्यानं तिथंही सोडली नाही. समोर तीन-चार हजार माणूस. पोरं ऊस सोलत बसलेली. पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बजाच्या आईला बसवलं होतं, तिच्या हस्ते चषकाची पूजा होती. काळ्या चौकटीतला पोराचा फोटो तिनं मांडीवर उलटा धरला होता.

बापूसाहेब बोलायला उभे राहिले. बोलणं त्यांना येतं. बजाचं नाव घेताना आवाज बसवला, थोडं थांबले, आणि म्हणाले, "ताप अंगावर काढला, पण या पोरानं मैदान सोडलं नाही. प्रशिक्षकांनासुद्धा कळू दिलं नाही. अशी पोरं आता होणे नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका डोळे पुसायला लागल्या.

खुर्च्यांच्या मधे भूपालनं माझा हात धरला. दोनदा दाबला.

मी नारळाकडे बघत राहिलो. त्याची शेंडी कोणीतरी वाकडीतिकडी सोलली होती, ती मला अजून दिसते.

त्यानं पुन्हा दोनदा दाबला. मग हात सोडला आणि एकटाच उठला. शीतल मधे आला, पण भूपालला अडवायला शीतल पुरा पडणार नव्हता. बापूसाहेबांनी स्वतःच माइक पुढं केला. त्यांना वाटलं असेल, दोन गोड शब्द बोलेल.

"बजाला ताप न्हवता," भूपाल म्हणाला. "वजन उतरावं म्हणून त्याला गोळ्या दिल्या. पाणी तोडलं. ह्ये आपल्या जिल्ह्यात समद्या संघांत चालतंय आन संघटनेला म्हाईत हाय. पोरगं सांगितलं ते करत गेलं. त्यानं काय बी लपवलं न्हाई. लपवलं ते ह्या येवस्पीठावरच्या लोकांनी. आदी ते सांगा, मग त्याच्या नावाचा चषक वाटा."

 मला वाटलं, आता संपलं सगळं. पण मागच्या रांगांपर्यंत एकच शब्द पोचला होता, गोळ्या. कोणीतरी ओरडलं, "आमच्या बजाला गोळ्या खाणारा म्हणतोय." मग दुसरा उठला, तिसरा उठला. गाव बजाचं. त्यांनी त्याच्या नावाची कमान उभी केली होती, घरटी वर्गणी दिली होती, आणि हा बाहेरगावचा माणूस माइकवरून त्यांच्या मेलेल्या पोराच्या नावाला बट्टा लावत होता. त्यांना तसं ऐकू आलं. भूपाल सांगत होता की तसं न्हवं, तसं न्हवं, पण ऐकतो कोण.

बापूसाहेब जराही चिडले नाहीत. हात वर करून त्यांनी लोकांना शांत केलं आणि म्हणाले, "भूपालराव मोठे खेळाडू आहेत. त्यांना कोणीतरी चुकीचं सांगितलं असेल. खोत सर त्या संघाचे प्रशिक्षक होते, भूपालरावांचे जोडीदार आहेत. आपण त्यांनाच विचारू."

माइक माझ्याकडे आला. बजाची आई माझ्याकडे बघत होती. भूपालही बघत होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या चेहऱ्यावर अजून आशा होती. तेवढी आशा त्यानं ठेवायला नको होती.

मी म्हणालो, "बजरंगला ताप होता. भूपालची माहिती बरोबर नाही."

"भोंगा बंद करा," मंडपातून एकजण ओरडला. ते लोकांना आवडलं. टाळ्यांच्या तालावर सगळा मंडप भोंगा, भोंगा करायला लागला. उसाची कांडकी व्यासपीठावर येऊन पडू लागली, एक भूपालच्या कानाखाली लागलं. ज्या मैदानांवर त्याच्या नावाची आरोळी उठायची, तिथलीच ही माणसं. भूपालनं फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला, शालीची घडी केली, नारळ तिच्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरून निघाला. पहिल्या रांगेपाशी बजाची आई एकटी उठून उभी राहिली, पण तिला कोणी तरी खांद्याला धरून परत बसवलं.

मी त्याच्या मागे का गेलो ते मला नीट सांगता येत नाही. माफी मागायला नव्हे. तो आता पुढं काय करणार, कुठं जाऊन बोलणार, हे मला बघायचं होतं.

तो शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे लुना काढत होता. मला बघून थांबला. खिशातून एक चुरगळलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"बजाच्या आईनं दिला. त्याच्या किटमधी गुडघ्याच्या पट्टीत गुंडाळून ठेवला हुता. गोळ्या ह्येच्यातच बांधून दिल्या हुत्या."

सामन्याच्या गुणतक्त्याचा फाडलेला तुकडा होता. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, पाणी अजिबात नको. अकरा वर्षं आमच्या संघाच्या याद्या मीच लिहीत होतो. माझं अक्षर भूपालला दुसऱ्या कोणी दाखवायची गरज नव्हती.

मग मी बोलायला लागलो. बजा गटाच्या वजनापेक्षा अडीच किलो जास्त भरत होता. बापूसाहेबांनी सांगितलं होतं, हा पोरगा संघात बसलाच पाहिजे, कसा बसवायचा ते तुम्ही बघा. सगळेच प्रशिक्षक देतात, आजवर कोणाला काही झालं नाही. बजानं दोनच्या जागी किती घेतल्या देव जाणे. बजानं किती घेतल्या म्हणालो तेव्हा भूपालनं मान वर करून बघितलं.

"तुला सकाळीच माहीत होतं," मी म्हणालो.

"आठ दिस झालं."

"मग माइकवर माझं नाव का नाही घेतलंस?"

"ज्याला लागलं त्यानं हात वर करायचा असतोय, दौल्या. शेजारच्यानं न्हाई." त्यानं कानाखालचं रक्त पुसलं, हाताकडे बघितलं. "मला वाटलं, ताप न्हवता एवढं म्हणशील. एवढं म्हणला असतास की बाकीचं तुज्या तुजं बाहेर आलं असतं. म्हणून दोनदा दाबला. कळला न्हाई व्हय तुला?"

"कळला."

"कळला न्हाई म्हणला असतास तर बरं वाटलं असतं." तो लुनावर बसला. "तिला वाचता येत न्हाई. काय लिवलंय म्हणून लई मागं लागली. मी म्हणलो, पेन्सिल पुसट झालीया, दौलत सरांस्नी दावतो. तू तिला सांग. कवा सांगायचं तुजं तू ठरीव."

तो गेला. मैदानात पहिल्या सामन्याची शिट्टी झाली. मी परत जाऊन खुर्चीवर बसलो, सामना पूर्ण बघितला. घरी गेल्यावर बंब पेटलेला होता. त्यात तो कागद टाकला.

जूनमध्ये मी कायम झालो. पुढं संघटनेचा आदर्श प्रशिक्षक पुरस्कारही मिळाला, तो बैठकीच्या खोलीत आहे. वजनासाठी गोळ्या मी नंतर कोणाला दिल्या नाहीत. पण देऊ नका असंही कधी कोणाला सांगितलं नाही.

भूपालचं घोरपड हे नाव त्या दिवशी संपलं. तो भोंगा झाला. दोन-तीन वर्षं त्याला कोणी बोलावलंच नाही. मग लोकांचा राग उतरला आणि मागे नुसती गंमत उरली. प्रत्येक स्पर्धेला त्याला मुद्दाम आमंत्रण जायला लागलं. तो प्रेक्षकांत दिसला की पोरं ओरडायची, "ओ आण्णा, लावा की भोंगा." तोही बोलायचा, पंचांवर, मातीवर, संघटनेवर. बोलायचा ते सगळं खरं असायचं आणि लोक पोट धरून हसायचे. ज्यांनी त्याची एक पकडही बघितली नव्हती ती पोरं त्याच्या नकला करायची. अकरा वर्षांत त्यानं किती गडी घोट्याला धरून पाडले, ते आता माझ्याशिवाय कोणाला आठवत नाही.

माझं नाव मात्र त्यानं कधी घेतलं नाही. चोवीस वर्षांत कुठल्या माइकवर नाही, कुठल्या पारावर नाही, त्याच्या घरातसुद्धा नाही, हे मला त्याच्या मुलाच्या वागण्यावरून कळायचं. तो मुलगा मला वाकून नमस्कार करतो. भूपाल समोर आला की मान हलवायचा. हात मात्र त्यानं परत कधी पुढं केला नाही.

गेल्या फेब्रुवारीत तो गेला. कुरणवाडीच्याच तालमीत शोकसभा झाली. बजरंग लोंढे चषकाचं ते रौप्यमहोत्सवी वर्ष होतं, म्हणून सभा तिथं. शीतल चौगुले आता पांढऱ्या मिशांचा झालाय, त्यानं सूत्रसंचालन केलं. एकेक जण उठायचा आणि भोंग्याचा एकेक किस्सा सांगायचा. पंचाला चष्मा नेऊन दिला तो किस्सा, आमदाराला मैदानात बूट काढायला लावले तो किस्सा. शोकसभा असूनही माणसं हसत होती, आणि प्रेमानं हसत होती, हे मला नाकारता येणार नाही. शेवटी शीतल म्हणाला, आण्णांचा साखळीतला जोडीदार, खोत सर, आता बोलतील.

मी उभा राहिलो. रात्रभर वेगळं काही ठरवून आलो होतो, असं आता सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार. माइक हातात आला आणि मी म्हणालो, "भूपालच्या तोंडात तीळ भिजायचा नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मीही त्याचा एक किस्सा सांगितला, इचलकरंजीचा. छान झाला.

सभा सुटल्यावर चपला शोधत होतो. बजाची आई काठी टेकत आली. आता ऐंशीच्या घरात असेल. म्हणाली, "सर, एक इचारायचं हुतं. लई वर्सं झाली."

मी विचारा म्हणालो.

"माज्या बजाच्या पिशवीतला एक कागूद मी भूपालआण्णास्नी दिला हुता. त्ये म्हणालं, सरांस्नी दावतो. मग दर वर्सी मी त्येंस्नी इचारायची, काय हुतं वो त्यात? त्ये म्हणायचं, सर सांगतील, सरांस्नीच इचारा. मला तुमच्याकडं यायला लाज वाटायची. तुमी मोटं मानूस." ती दम घ्यायला थांबली. "काय लिवलं हुतं त्यात?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. शीतल सतरंजी गुंडाळत होता, पण लांब. हात वर करायला यापेक्षा चांगली जागा मला मिळणार नव्हती, आणि परत मिळणारही नाही.

"औषधाचं होतं," मी म्हणालो. "तापाच्या."

 तिनं मान हलवली.

"म्हंजी ताप हुताच म्हणा पोराला," ती म्हणाली. "मला म्हणाला न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं, काठी सावरली आणि पायरी उतरायला लागली. अर्ध्यावर थांबून मागे वळली.

"भूपालआण्णा तरी बगा. मानूस जगाला समदं सांगत सुटायचा, आन एवढं मला सांगितलं न्हाई."